कुणाची हरकत असेल तर

पांढरा झगा घालून मोटारसायकलवर बसलेला माणूस दिसला, की गडचिरोली जिल्ह्याच्या आतल्या गावांत लोक त्याला हात दाखवून थांबवतात आणि जीभ बाहेर काढून दाखवतात. माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षं अशी जिभा बघण्यात गेली. झगा पिशवीत कोंबला तर चुरगळायचा, म्हणून मी तो घालूनच निघायचो. मी डॉक्टर नाही, पाळक आहे, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा धर्मगुरू, हे समजावून सांगेपर्यंत दोन-तीन जणांचा ताप बघून व्हायचा. एका म्हातारीनं माझं सगळं बोलणं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग प्रार्थनाच करून दे. पन गोळी असन तर आंधी गोळी दे." ती बाई मला अजून आवडते.

आता निवृत्त होऊन ब्रह्मपुरीत घर केलं आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, तुमच्या कामातलं काहीतरी लिहा, फक्त उपदेश नको. उपदेश नको, हे मी आयुष्यभर ऐकत आलो आहे, तेव्हा राग यायचा प्रश्नच नव्हता. तरी एका उपदेशाची गोष्ट सांगावीच लागेल, कारण तो मला फार महागात पडला.

पाळकाचं काम बाहेरच्यांना वाटतं तेवढं पवित्र नसतं. रविवारची उपासना, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना, बाप्तिस्मे, लग्नं, मयती हे असतंच. उरलेला सगळा वेळ पेटी कुणी वाजवायची, पहिल्या बाकावर कुणी बसायचं आणि पंख्याचं तोंड कुणाकडे करायचं या भांडणांत जातो. मुलचेऱ्याच्या वाटेवरच्या ज्या गावात मी शेवटी होतो, तिथलं आमचं चर्च गावाच्या कडेला, जंगलाला लागून होतं. एका हिवाळ्यात तिकडे वाघ फिरायला लागला. संध्याकाळची उपासना उजेड असेपर्यंतच आटपावी लागे. वाघ आल्यापासून पाळकसाहेबांचे उपदेश फार सुधारले, असं मंडळीतले लोक एकमेकांना सांगायचे, आणि ते माझ्या कानावर यावं अशा बेतानं सांगायचे.

आमच्यात लग्न ठरलं की लग्नाच्या आधी तीन रविवार मंडळीसमोर नवरानवरीची नावं पुकारतात. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, यांचा विवाह करण्याचं योजलं आहे, कुणाची योग्य कारणासाठी हरकत असेल तर त्यानं आत्ताच सांगावं. नवऱ्याला आधीची बायको नाही ना, मुलगी लहान नाही ना, एवढंच कळावं म्हणून ही पद्धत. चांगलीच पद्धत आहे. पण मी इतक्या लग्नांची नावं पुकारली आणि इतक्या वेळा हा प्रश्न विचारला, की पुढेपुढे "आत्ताच सांगावं" म्हणता म्हणता माझा हात पुढच्या गीताचं पान काढायला लागलेला असायचा. कुणी काही सांगत नसे. सांगणार तरी कोण? जेवणाचं आमंत्रण सगळ्यांनाच असतं.

एरवी कशालाही हरकत घेणारा माणूस गावात एकच, आमचे प्रभुदासभाऊ. हे तहसील कार्यालयात शिपाई होते. कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर नोटिशी चिकटवणं हे त्यांचं काम. जमिनीचा फेरफार असो, रेतीघाटाचा लिलाव असो, दुकानाचा परवाना असो, प्रत्येक नोटिशीच्या शेवटी लिहिलेलं असायचं की कुणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी. आयुष्यभर त्यांनी खळ करून, ब्रशनं लावून ह्या नोटिशी चिकटवल्या आणि हरकत घ्यायला एक माणूस म्हणून आला नाही. याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. सरकार एवढं लिहून विचारतं आणि लोक ढुंकून बघत नाहीत, हा त्यांना सरकारचा नाही तर त्यांच्या खळीचा अपमान वाटायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवून टाकलं की यापुढे कुणी हरकत विचारली तर ती घ्यायचीच. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या बैठकीत, बचतगटाच्या सभेत, शाळेच्या स्नेहसंमेलनात ते हरकत घेत. नाताळच्या नाटकात मेंढरं झालेल्या पोरांना चष्मे कसे, अशीही त्यांनी एकदा घेतली होती. लग्नांना मात्र त्यांनी हात लावला नव्हता. तेवढा पोच त्यांना होता.

तो मी घालवला. डिसेंबरात एका रविवारी मानवी हक्कांवर उपदेश करावा, असा वरिष्ठांचा निरोप असायचा. मी केला. आमची श्रद्धा मी सोपी करून सांगितली. देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपाचा घडवला, राजालाही आणि मोलकरणीलाही. म्हणून माणसाची किंमत सरकार ठरवत नाही, जात ठरवत नाही, पंचही ठरवत नाहीत. सरकार हक्क देत नाही, फक्त मान्य करतं. दिले आहेत ते देवानं, आणि देवानं दिलेलं कुणाला काढून घेता येत नाही. उपदेश चांगला झाला. वाघ त्या आठवड्यात दुसरीकडे होता, त्यामुळे लांबलाही.

बाहेर पडल्यावर चहाच्या टपरीवर रामटेकेसर भेटले. हे आमच्या गावचे निवृत्त शिक्षक, बौद्ध, माझे जुने मित्र, आणि भिंतीला कान लावून माझे उपदेश ऐकणारे एकमेव परधर्मीय. ते म्हणाले, आमचे हक्क घटनेत लिहिलेले आहेत, कलमासकट दाखवतो. मी म्हटलं, सर, देवानं दिले, घटनेनं लिहून ठेवले. ते म्हणाले, मग लिहीपर्यंत ते होते कुठे? आमच्या आजोबांना तर कुणी दाखवले नाहीत. हा प्रश्न मी निवृत्तीनंतर ब्रह्मपुरीलाही सोबत आणला आहे. टपरीवाल्यानं मधेच विचारलं की वाघ तर देवाच्या प्रतिरूपाचा नाही, मग त्याच्यासाठी रस्ता बंद करतात तो कुणाच्या हक्कानं? यावर आम्ही दोघांनी एकमतानं आणखी एक चहा सांगितला.

तेवढ्यात प्रभुदासभाऊ आले. चेहरा असा, की जणू आताच बढतीचा हुकूम हातात पडला आहे. त्यांनी विचारलं, म्हणजे हरकत घ्यायचा हक्कसुद्धा देवाचाच का? मला भूक लागली होती. मी म्हटलं, हो भाऊ, तोही.

पुढच्याच रविवारी मी सलोमीचं नाव पुकारलं. सलोमी ही याकोबभाऊंची मुलगी. याकोबभाऊ आमच्या मंडळीचे पंच आणि तालुक्यातल्या सगळ्यात मोठ्या बिछायत केंद्राचे मालक. मांडव, गाद्या, खुर्च्या, पातेली, नवरदेवाचं सिंहासन, सगळं त्यांच्याकडे भाड्यानं मिळे. दुसऱ्यांच्या मुलींचे मांडव बांधताना त्यांचे केस पिकले होते. आता स्वतःच्या मुलीचा मांडव कसा असेल, हे ते सलोमी पाळण्यात होती तेव्हापासून मनात बांधत आले होते. नवरा जवळच्याच गावचा सुहास, घरचं धान, घरचा ट्रॅक्टर, मुलगा गरीब स्वभावाचा. मी नावं वाचली, प्रश्न विचारला आणि पान उलटणार तोच प्रभुदासभाऊ उभे राहिले.

हरकत अशी होती, की लग्नाच्या दिवशी गावचा आठवडी बाजार आहे. भाजी विकणाऱ्या बायांनी लग्नाला यावं का दुकान लावावं? मंडळी हसली. मी म्हणालो, हे योग्य कारण नाही, हरकत फेटाळली. त्यावर प्रभुदासभाऊ शांतपणे म्हणाले, "तुमी कसे फेटाळता? हक्क तं देवानं देला म्हनले. तुमी फक्त मान्य करा." आणि खाली बसले. याकोबभाऊंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की चर्चच्या वाढदिवसाला फुकट येणाऱ्या खुर्च्या यंदा येत नाहीत हे मी ओळखलं.

दुसऱ्या रविवारी नवरदेव स्वतः आईला घेऊन उपासनेला आला. नव्या ट्रॅक्टरवर आला, आणि ट्रॅक्टर चर्चच्या खिडकीसमोर लावला. मी नावं पुकारली. प्रश्न जमेल तेवढ्या घाईत म्हटला, पण प्रभुदासभाऊ त्याआधीच उभे होते. त्यांनी सांगितलं, की पोरानं आल्यापासून खिडकीतून ट्रॅक्टरकडे कितीदा तरी पाहिलं आणि मुलीकडे एकदाही नाही. सगळ्यांनी सुहासकडे पाहिलं. सुहास त्या क्षणीही खिडकीबाहेरच बघत होता.

उपासना संपल्यावर पंचांची बैठक झाली. याकोबभाऊ तापले होते. त्यांचं म्हणणं, हा सगळा उपदेशाचा घोटाळा आहे. देवासमोर माणसाला हक्क कसले? देवाची कृपा असते, ती डोकं खाली घालून घ्यायची. आणि हक्क असलेच, तर मुलीचा हक्क देवानं बापाजवळ ठेवायला दिलेला असतो. खरं सांगायचं तर पहिली गोष्ट म्हणणारे मोठमोठे ख्रिस्ती लोक आहेत. दुसरी गोष्ट फक्त याकोबभाऊंची होती. पण खुर्च्याही त्यांच्याच होत्या, म्हणून कुणी बोललं नाही. प्रभुदासभाऊंची समजूत काढायचं काम माझ्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तर ओसरीवर सलोमी बसलेली. मला पाहून ती उठली नाही. प्रभुदासभाऊंनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, आता तुम्हीच विचारा तिला.

मग उलगडा झाला. सलोमीनं नर्सिंगचा कोर्स पुरा केला होता. सिरोंच्याच्या एका दवाखान्यात तिला नोकरी मिळाली होती आणि महिन्याभरात रुजू व्हायचं होतं. तिकडे तेलुगू बोलतात म्हणून तिनं तेलुगूही शिकायला घेतली होती. सुहासच्या आईला नोकरीवाली सून नको होती. सलोमीनं घरी सांगून पाहिलं होतं. याकोबभाऊ रागावले नाहीत, हसले, आणि मांडवाच्या कापडाचा रंग तिला निवडायला सांगितला. शेवटी, माझ्या उपदेशाच्या आठवड्यातच, ती प्रभुदासभाऊंकडे आली. गावात हरकत घेतल्यावर कुणाला नवल वाटणार नाही, असा तेवढा एकच माणूस होता.

"मी उभी राह्यली तं बाबाची मान खाली जाईन," ती म्हणाली. "भाऊ उभे राह्यले तं लोकं हासतीन फक्त. तिसऱ्या रविवारी एखादी चांगली हरकत निंगाली, तं लग्न पुढं जाईन. तवापर्यंत मी सिरोंच्याले."

आता माझ्या हुशारीचा नमुना ऐका. मुलगी नको म्हणते आहे हे कळल्यावर मी तिच्या बाजूनं उभं राहायला हवं होतं. पण मला पंचांनी वेगळ्याच कामाला पाठवलं होतं, आणि हाती घेतलेलं काम पुरं करायची मला वाईट खोड आहे. मी प्रभुदासभाऊंना म्हणालो, "भाऊ, हक्क देवानं दिला हे खरं. पण ज्याचा त्याला दिला. हिचा हक्क तुम्ही कसा वापरणार? तुमच्या कार्यालयात चालायचं का, की हरकत एकाची आणि सही दुसऱ्याची?"

प्रभुदासभाऊंचा चेहरा उतरला. नियम म्हटला की ते हात जोडत. मग एवढंच म्हणाले, "नाई चालत. हरकतदारानं सोता हजर राहावं लागते." सलोमी माझ्याकडे बघत राहिली. मी मोटारसायकल सुरू केली तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की त्या मुलीसाठी उघडं असलेलं एकच दार मी मोठ्या खुशीत लावून घेतलं आहे.

ते उघडायला मी तसाच याकोबभाऊंकडे गेलो. मनाशी वाक्यं जुळवत गेलो. त्यांनी मला गोदामात नेलं आणि गुलाबी कापडाचे गठ्ठे दाखवले. हे कापड त्यांनी कुणालाच भाड्यानं दिलं नव्हतं, सलोमीसाठी जपून ठेवलं होतं. कापडावरून हात फिरवताना त्या धिप्पाड माणसाचे डोळे भरून आले. घरी आलो तेव्हा मी मांडवाच्या रंगाला पसंती देऊन आणि पाहुण्यांची सोय बघायचं कबूल करून आलो होतो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, तुम्हाला सैतानानं चहा पाजला असता तर त्याचंही लग्न लावून आला असता.

तिसऱ्या रविवारी चर्च भरून ओसंडत होतं. शेजारच्या गावचे लोक आले होते. रामटेकेसर पहिल्यांदाच भिंतीच्या अलीकडे, शेवटच्या बाकावर बसले होते. आज प्रभुदासभाऊ कोणती हरकत काढतात यावर टपरीत पैजा लागल्या होत्या म्हणे. सुहास आईच्या शेजारी, सलोमी बायांच्या बाजूला, याकोबभाऊ पहिल्या बाकावर हाताची घडी घालून. मी नावं पुकारली. प्रश्न विचारला. पाळक म्हणून सांगू नये, पण प्रभुदासभाऊंनी कसलीही, अगदी मेंढरांच्या चष्म्याची हरकत घ्यावी, अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो.

प्रभुदासभाऊ उठले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"मले काईच हरकत नाई," ते म्हणाले.

पैजा लावलेले लोक एकमेकांकडे बघायला लागले. सलोमीचा चेहरा पांढरा पडला. मी सवयीनं गीताच्या पुस्तकाकडे हात नेला.

"पान नका काढू," प्रभुदासभाऊ मला म्हणाले. "विचारलं तं थांबा. कार्यालयात नोटीस लावली का मुदत राह्यते. तुमी विचारता अन् लगेच गानं सांगता. देवानं ज्याले त्याले येगयेगळा हक्क देला, असं तुमीच मले घरी येऊन सांगतलं. मंग ज्याले त्याले उठाले टाईम तं द्या."

आणि ते खाली बसले. मी पुस्तक मिटलं आणि थांबलो. एवढ्या वर्षांत मी कधीच थांबलो नव्हतो. आधी लोकांना गंमत वाटली, मग कुणी खोकलं, मग कुणी खोकेनासं झालं. याकोबभाऊंनी मला डोळ्यांनी पुढे चला म्हणून खुणावलं. मी खाली बघत राहिलो. माझ्या नोकरीतलं सगळ्यात धाडसाचं काम कोणतं विचाराल तर ते हेच, की मी तेव्हा पुढे गेलो नाही.

बायांच्या बाजूला बाक करकरलं.

"मले हरकत हाय," सलोमी म्हणाली. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला. "मले सिरोंच्याले नोकरीवर जायाचं हाय. मले हे लग्न नाई करायचं. सुहासभाऊत काई खोट नाई."

त्या एका 'भाऊ'नं काम झालं. आमच्या भागात मुलीनं भर सभेत मुलाला भाऊ म्हटलं, की पुढचं लग्न पाळक काय, प्रत्यक्ष देवदूत आला तरी लावू शकत नाही. बायांनी पदर तोंडाला लावले. सुहासची आई काही बोलायला उठणार, तोच तिच्या शेजारी सुहास उभा राहिला. आईनं त्याचा शर्ट मागून ओढून धरला होता, त्यामुळे तो थोडा वाकडा उभा होता.

"मलेई हरकत हाय, ताई," तो म्हणाला. "मले कोनं इचारलंच नोतं."

मग मात्र चर्च हसलं. शेवटच्या बाकावर रामटेकेसर डोळे पुसत होते. हसला नाही तो एकच माणूस. याकोबभाऊ उभे राहिले. मला वाटलं, आता मुलीला ओढून नेतात की मला मारतात. ते माझ्यासमोर आले.

"पाळकसाहेब, हिले हा हक्क देला कोनं?"

मी नुसतं बोट वर केलं.

याकोबभाऊंनी खरोखरच वर पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. वर टिनाचे पत्रे होते आणि त्यांनीच फुकट दिलेला पंखा होता. मग त्यांनी मान खाली केली तेव्हा बायांच्या बाजूला त्यांची मुलगी अजून तशीच उभी होती, बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून.

"बस माय," ते म्हणाले. "पाय दुखतीन."